नर्सबाईचं पोट

पहिली मोठी कळ आली तेव्हा मी दुसऱ्या बाईच्या कळा मोजत बसले होते.

वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पांढरकवड्यापासून आत, जंगलाच्या कडेला एक गाव होतं. तिथल्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक झाडूवाला आणि मी नर्सबाई. कागदांवर अजून जुन्याच राज्याचं नाव छापलेलं होतं. ते खोडून वर शाईनं नवं लिहायचं कामही माझ्याकडेच. मी चोवीस वर्षांची होते. लग्नानंतर दीड वर्षात नवरा विषमज्वरानं गेला. वडिलांनी भाऊबंदांचं न ऐकता मला नर्सिंग शिकायला पाठवलं, आणि ही माझी पहिली नेमणूक. इथं येऊन तीन वर्षं झाली होती.

त्या दिवशी तीन मैलांवरच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून बोलावणं आलं. पहिलटकरीण सून होती. मी बंडीत बसून गेले. सकाळचे दहा वाजले असतील. तिच्या पोटावर हात ठेवून मी घड्याळाकडे बघत होते. दर सात मिनिटांनी तिला कळ यायची. आणि मध्येच माझ्याच पोटात, बेंबीच्या खाली डावीकडे, दोघींनी ओलं लुगडं दोन टोकांना धरून पिळावं तसं काहीतरी झालं. डोळ्यांपुढं अंधारी आली. पाठोपाठ कळलं की आता बाहेर गेल्यावाचून इलाज नाही.

म्हाताऱ्या सासूला म्हटलं, "आलेच," आणि मी तुरीच्या शेतात धावले. परत येऊन हात धुऊन बसते न बसते तोच पुन्हा. असं चारदा झालं. सुदैवानं पोर तिसऱ्या आणि चौथ्या खेपेच्या मधे जन्माला आलं, रडलं, नाळ कापून झाली. सासू माझ्याकडे टक लावून बघत होती.

"बाई, तुलेच कळा येऊन राह्यल्या का वं?"

बायका हसल्या. मीही हसले. त्या हसण्याचा मला राग नाही. माझा राग दुसऱ्यांसाठी आहे. पण ते वाक्य बाहेर बंडीजवळ बसलेल्या गाडीवानानं ऐकलं, आणि संध्याकाळपर्यंत ते माझ्या आधी गावात पोहोचलं.

त्यानंतर पोट माझं राहिलं नाही. तीन-तीन दिवस काही होत नसे, पोट दगडासारखं. मग एका दिवशी पाच वेळा, त्यात शेंबडासारखी आव. जाऊन आलं की घटकाभर सुटल्यासारखं वाटे, पण पूर्ण झालं असं कधी वाटत नसे. चहा घेतला की कळ. कुठं जायचं ठरलं की कळ. दुपारनंतर पोट असं फुगायचं की निरीची गाठ सैल करावी लागे, आणि सकाळी पाहावं तर सपाट.

हे ज्याला होतं त्याला नुसतं दुखत नाही, त्याला जागा लागते. आणि आमच्या गावात बायकांना दिवसाची जागा नव्हती. पहाटे उजाडायच्या आत जायचं, नाहीतर अंधार पडल्यावर. मधे जे काही होईल ते दाबून धरायचं. बाईचं पोट सूर्याला विचारून दुखावं अशी गावाची अपेक्षा. पुरुष दिवसाढवळ्या नाल्यावर टमरेल घेऊन जायचे, रस्त्यात थांबून पिकापाण्याच्या गप्पा मारायचे. मी भर दुपारी डबा घेऊन निघाले की चार माना वळायच्या. म्हणून मी जेवणच कमी केलं. मग चक्कर यायला लागली, आणि पोट काही थांबलं नाही ते नाहीच.

आमच्या डॉक्टरांबद्दल "तसे ते माणूस म्हणून वाईट नव्हते" असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. त्यांनी टेबलापलीकडून विचारलं, "आव पडते?" मी हो म्हटलं. झालं. दवाखान्यात सूक्ष्मदर्शक यंत्र होतं, त्याची काच फुटलेली होती, त्यामुळे तपासणी वगैरे काही नाही. आवेवर देतात ती एमेटिनची दहा इंजेक्शनं. सुई मीच उकळायची आणि कंपाउंडरपुढं मीच दंड उघडा करायचा. दंडाला गाठी आल्या, छाती धडधडायला लागली, दोन पायऱ्या चढल्या की धाप. कळ होती तिथेच.

महिन्यानं परत गेले. डॉक्टर म्हणाले, "औषध तर पूर्ण दिलं. आता आव असूच शकत नाही."

"पण आहे, साहेब."

"बाई, एकट्या राहणाऱ्या बायकांना हे होतं. तुम्ही पुन्हा लग्नाचा विचार करा. आपोआप बरं वाटेल."

कंपाउंडर कपाटाकडे तोंड करून बाटल्या पुसत होता. त्याचे खांदे हलताना मला दिसले. मी बाहेर येऊन त्या दिवशीच्या जखमांच्या पट्ट्या बांधल्या, अकरा जणांच्या. एकाचीही पट्टी सैल बांधली नाही, हे मला आजही अभिमानानं सांगावंसं वाटतं.

विहिरीवर मात्र रोगाचं निदान केव्हाच झालं होतं. तांड्यावरचं वाक्य, दुपारी फुगणारं पोट, न जेवणं, उलटीसारखं होणं. बायका मला बघून बोलणं थांबवायच्या आणि मी घागर उचलली की पुन्हा सुरू करायच्या. कंपाउंडरची बायको त्यात पुढं. तिची दोन्ही बाळंतपणं मी केली होती. दुसऱ्या वेळी तिला रक्तस्राव झाला तेव्हा मी दोन तास तिचं गर्भाशय मुठीत दाबून बसले होते. ती आता पदराआडून म्हणायची, "नर्सबाईचं पोट पाह्यलं का?"

मग एक दिवस डॉक्टरांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "बाई, वर अर्ज गेला आहे. निनावी आहे. तुमच्या वर्तणुकीबद्दल. माझा अभिप्राय मागितला आहे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली.

"साहेब, तुम्ही मला चार महिने तपासता आहात. तुम्हाला माहीत आहे मला काय होतंय. लिहा की पोटाचा विकार आहे."

"कोणता विकार?"

"ते तुम्ही सांगायचं."

"तेच म्हणतो. मला काही सापडलं नाही. जे सापडलं नाही ते मी कसं लिहून देऊ?"

"मग जे अर्जात लिहिलंय ते सापडलं का?"

ते टाचणीनं नखातला मळ काढत राहिले. त्यांच्या एका ओळीनं सगळं मिटलं असतं. त्यांना रोगाचं नाव ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हे लिहायची लाज वाटत होती, म्हणून माझी लाज त्यांनी टांगणीला लावली. शेवटी त्यांनी लिहिलं ते असं: सदर कर्मचारी स्त्रीस तपासणीसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवावे.

तो दवाखाना कुठल्या शहरात होता ते सांगत नाही. तिथं पडद्याआड एका मेट्रननं आणि एका डॉक्टरनं मला तपासलं. मी स्वतः अशा शेकडो तपासण्या केलेल्या, त्यामुळे ते काय करताहेत, कशासाठी करताहेत, एकमेकांकडे का बघताहेत हे सगळं मला समजत होतं. अडाणी असते तर बरं झालं असतं, असं त्या एकाच दिवशी वाटलं. मेट्रन म्हणाली, "काही नाही." डॉक्टर म्हणाला, "मग दुखतं कशानं? ॲपेंडिक्स असेल."

मी म्हटलं, "साहेब, ॲपेंडिक्स उजवीकडे. मला डावीकडे दुखतं."

"नर्सबाई, डॉक्टर कोण आहे?"

आणि कापलं. मी सही केली, हेही खरं. तपासणीचा कागद नुसता घेऊन परतले असते तर गावानं विचारलं असतं, काही नाही तर गेली कशाला होती? मला एक रोग हवा होता, कोणताही, नाव असलेला. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग बदलताना वॉर्डातली नर्स कानाशी वाकून म्हणाली, "ताई, तुमचं ॲपेंडिक्स अगदी चांगलं होतं हो. मी स्वतः पाहिलं ट्रेमध्ये." तिला वाटलं मला दिलासा मिळेल. मी भिंतीकडे तोंड केलं. टाक्यांमुळे रडताही येत नव्हतं, पोट हललं की ओढ बसायची.

वर गेलेला अर्ज तपासणीच्या कागदावर मिटला, आणि दीड महिन्यानं मी गावी परतले. कळ माझ्या आधी आठ दिवस परतली होती. मोटर थांबली, मी खाली उतरले, हातात पिशवी, अंगानं निम्मी झालेली. आता तरी सगळ्यांना दिसेल, असं मी वाटभर मनाशी म्हणत आले होते. दिसलंही. पोट नाही, बाई वाळलेली, चालताना हात पोटावर. दोन दिवसांत गावानं ठरवलं: नर्सबाई शहरात जाऊन मोकळी होऊन आली.

पोट होतं तेव्हा पोट होतं म्हणून, आणि नाही तेव्हा नाही म्हणून. माझ्या पोटानं काहीही केलं तरी गुन्हेगार मीच.

बाजाराच्या दिवशी ओसरीवर बायकांची रांग लागायची. त्या दिवशी तीसेक जणी असतील, कडेवर पोरं, हातात औषधाच्या रिकाम्या बाटल्या. कंपाउंडरची बायको खांबाला टेकून उभी होती. मी आतून रजिस्टर घेऊन आले तशी ती शेजारणीला म्हणाली, पण मला ऐकू जाईल अशी, "आता कशी हलकी झाली, नाई?"

मी रजिस्टर खाली ठेवलं. बाहेर झाडाखाली पुरुष होते, त्यांच्याकडे पाठ केली. पातळ सरकवून टाक्यांचा व्रण उघडा केला. उजवीकडे, बोटाएवढा, अजून जांभळा होता.

"पाह्य. नीट पाह्य," मी म्हणाले. रागाच्या भरात माझ्या तोंडून घरची बोली निघाली. "तुह्यं लेकरू इकून निघालं होतं का? दोन्ही लेकरं म्याच काढली तुह्यी. कोठून काढली हे तुले सांगू का सगळ्याइसमोर?"

ती खाली बघायला लागली. मी थांबले नाही.

"इथं ज्याइची बाळंतपणं म्या केली त्याइनं हात वर करा."

हात वर झाले. आधी एक, मग चार, मग बरेच. मी मोजले नाहीत.

"मंग सांगा. कोण्या बाईचं पोट दुपारी वाढते अन सकाळी उतरते? नऊ महिन्याचं लेकरू पहाटे कोठी जाते, फिरायला?"

मागं कोणीतरी हसलं, मग सगळ्या. मला हसू आलं नाही. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "बाई, हा काय तमाशा आहे?" मी पातळ सारखं केलं आणि पहिलीला आत सोडलं. पाच मिनिटांनी पोटात अशी पिळवट बसली की मी दाराची चौकट धरून उभी राहिले. जायला जागा नव्हती. ओसरीवर तीस बायका, झाडाखाली पन्नास पुरुष, आणि मागच्या बाजूला फक्त डॉक्टरांच्या क्वार्टरचा संडास, ज्याला कुलूप.

रांगेत तांड्यावरची ती म्हातारी सासू होती, नातवाला खोकला म्हणून घेऊन आलेली. तिनं मला पाहिलं. लगेच अंगावरची जाड ओढणी काढली, मला भिंतीच्या कोपऱ्यामागं नेलं आणि दोन्ही हातांनी ओढणी ताणून आडोसा करून माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. भर बाजाराच्या दिवशी. मी आयुष्यात इतकी शरमले नाही, आणि इतकं कोणी माझ्यासाठी केलंही नाही.

नंतर तिनं विचारलं, "गेल्यावर थांबते का?"

"थोडं."

"रक्त?"

"नाही."

"रातच्याले झोपेतून उठवते?"

"नाही. झोपले की नाही दुखत."

"माह्या भावाले असंच होतं. जवान होता तवापासून. मेला नाई त्यानं. बैलानं मारलं म्हणून मेला, म्हातारा होऊन." मग तिनं उपाय सांगितला: लोखंडाची सळई तापवून बेंबीभोवती चार डाग द्यायचे.

"डाग-बिग काही नाही," मी ओरडलेच तिच्यावर. "एकानं कापलं, आता तू भाज."

"नको तर नको," ती म्हणाली. "ओरडते कायले? मी काय डॉक्टर हाय?"

त्या वर्षात मला पोटाबद्दल नीट प्रश्न विचारणारी ती पहिली बाई. झोपेतून उठवतं का, हे एकाही डॉक्टरनं विचारलं नव्हतं. मी ठरवलं, आता मीच विचारते. तापाच्या तक्त्यांचे वाया गेलेले कागद उलटे करून शिवले आणि लिहायला लागले. काय खाल्लं, केव्हा, कळ केव्हा, किती वेळ, जाऊन आल्यावर काय. रोग्याचं लिहितात तसं, स्वतःबद्दल "रोगी" असं लिहून. तीन महिने.

कागदावर हळूहळू चित्र उमटलं. तुरीचं वरण खाल्लं की त्या रात्री पोट फुगायचं, मुगाचं चालायचं. दुधाचा चहा नको, ताक चालेल. कच्चा कांदा आणि मिरचीचा ठेचा बंद, म्हणजे आमच्याकडे जेवणच बंद म्हणायचं. उपास केला की दुसऱ्या दिवशी हमखास त्रास. ज्वारीची भाकर, थोडी-थोडी, वेळेवर. पांढरकवड्याच्या काष्ठौषधीच्या दुकानातून इसबगोल आणलं, रोज एक चमचा, भरपूर पाण्याबरोबर. कळ आलीच तर वीट गरम करून फडक्यात गुंडाळायची आणि पोटावर घ्यायची. आणि एक नोंद पुन्हा पुन्हा यायची: डॉक्टर ओरडले, पाऊण तासात कळ. ती मी प्रत्येक वेळी लाल शाईनं लिहिली.

राहिली जागा. तांड्यावरच्या म्हातारीचा मुलगा, ज्याचं पोर मी तुरीच्या शेताकडे धावत-धावत काढलं होतं, एके सकाळी कुदळ घेऊन आला. माझ्या खोलीमागं त्यानं खड्डा खणला, वर लाकडं टाकली आणि बांबूच्या तट्ट्या चारी बाजूंनी बांधल्या. काम अर्धं झालं असताना डॉक्टर आले.

"ही सरकारी जागा आहे. परवानगी कुठाय?"

"तुमच्याकडे संडास आहे, साहेब. त्याची परवानगी कोणी दिली?"

"तो क्वार्टरच्या नकाशात आहे."

"मग मला नकाशात घ्या."

"मी वर कळवीन."

"कळवा. तुम्हाला आता लिहिता येतंय म्हणजे. माझ्या वेळी येत नव्हतं."

ते लाल झाले. तांड्याचा पोरगा कुदळ टेकून आमच्याकडे बघत होता. मी त्याला म्हटलं, "तू खण, भाऊ." तो खणू लागला. डॉक्टरांनी कळवलं की नाही मला ठाऊक नाही. तट्ट्या कोणी काढल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दवाखान्यात येणाऱ्या पोटुश्या बायका तिथंच जायला लागल्या, आणि कंपाउंडरची बायकोही, मान खाली घालून. मी तिला अडवलं नाही. बोललेही नाही. पुढं चार वर्षं मी तिच्याशी कामापलीकडं एक शब्द बोलले नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

साठ सालानंतर माझी बदली राळेगावच्या बाजूला झाली. तिथं महिन्यातून एकदा एक लेडी डॉक्टर यायची, तरुण, भराभर बोलणारी. एकदा काम आटोपल्यावर मी माझ्या तक्त्यांचं बाड तिच्यापुढं ठेवलं. तिनं उभ्याउभ्या दोन पानं वाचली, मग खुर्ची ओढून बसली आणि सगळं वाचलं. मला झोपवून पोट चाचपलं. डावीकडे दाबलं तेव्हा म्हणाली, "इथं ना? दोरीसारखं लागतंय."

"हो."

"स्पास्टिक कोलन म्हणतात याला. आतडं चांगलं असतं, पण नको तेव्हा आवळतं. जिवाला धोका नाही."

"बरं होतं?"

"पूर्ण नाही. सांभाळता येतं. तुम्ही सांभाळलंच आहे की. मी बेलाडोनाचं मिक्श्चर देते, कळ जोरात असेल तेव्हाच घ्या."

मी उठून बसले. पातळ सारखं करत विचारलं, "हे डॉक्टरांना केव्हापासून माहीत आहे?"

"अहो, फार पूर्वीपासून. पुस्तकात आहे."

पुस्तकात होतं. पांढरकवड्याच्या आतल्या त्या गावी डॉक्टरांच्या कपाटात पुस्तकांची अख्खी रांग होती, मीच दर शनिवारी त्यांची धूळ पुसायचे. एक पान उलटलं असतं तर दहा इंजेक्शनं वाचली असती. तो पडदा, ती मेट्रन, तो ट्रे, ते विहिरीवरचं सगळं वाचलं असतं. मला एक ओळ हवी होती, आणि ती हातभर अंतरावर होती.

मी काय-काय बोलले ते आता आठवत नाही. बरंच मोठ्यानं बोलले असणार, कारण शेजारच्या खोलीतली बाळंतीण दारात येऊन उभी राहिली. लेडी डॉक्टरनं ऐकून घेतलं. मग ती माझ्या हाताला धरून म्हणाली, "सिस्टर, शांत व्हा. चिडल्यानं हे वाढतं."

"तेही पुस्तकात असेल."

"आहे," ती म्हणाली.

मी तिच्याकडून रोगाचं नाव कागदावर लिहून घेतलं, खाली सही आणि शिक्का. तिनं विचारलं, कशासाठी हवंय? मी म्हटलं, मला हवंय. दुपारी पोट दुखलं, ती म्हणाली होती तसंच. मिक्श्चरचा एक घोट घेतला, वीट गरम केली. पण राग मी सोडला नाही. एवढी वर्षं झाली, पथ्य पाळते, वेळेवर जेवते, तुरीचं वरण अजून शिवत नाही; न चिडण्याचं ते एकच पथ्य मला जमलेलं नाही.